फेकण्याआधी एक तास

दिवाळीच्या साफसफाईत आपल्याकडे गराजच्या दाराशी एक ढीग तयार होतो. त्यात जुना प्रिंटर असतो, मुलांनी सोडून दिलेली खेळणी असतात, एखादा टेबलफॅन असतो आणि बऱ्याच घरांत एक कॉफी मेकर असतो. "हा का टाकताय?" असं विचारलं की उत्तर येतं, "चालत नाही." नेमकं काय होत नाही, हा पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तीस-चाळीस डॉलरची वस्तू, दोन दिवसांत नवी दाराशी येते. विषय संपतो.

माझं म्हणणं असं, की हा विषय तिथे संपू देऊ नये. गरम न होणारा कॉफी मेकर ढिगात टाकण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसाने आणि एका मुलाने मिळून त्याला एक तास द्यावा. तासाच्या शेवटी यंत्र सुरू होईलच असं नाही. पण ते का बंद पडलं, हे घरातल्या दोघांना कळलेलं असेल. ते कळणं मला यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता कोणी म्हणेल, आपण मूळचे चहावाले, मग कॉफी मेकरचीच एवढी काळजी कशाला? एक तर मिनेसोटाच्या जानेवारीत सकाळी सहाला गाडीवरचं बर्फ खरवडायला निघालेल्या माणसाला आलं किसत बसायला वेळ नसतो. आपल्या बहुतेकांच्या ओट्यावर हे यंत्र आहे आणि रोज चालतं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं कारण म्हणजे, विजेवर चालणाऱ्या घरगुती वस्तूंमध्ये इतकं साधं आणि तरीही इतकं शिकवणारं यंत्र दुसरं क्वचितच सापडेल. विजेवर चालणारा पहिला ड्रिप कॉफी मेकर 'विगोमॅट' १९५४ साली जर्मनीत आला. अमेरिकेत १९७२ मध्ये 'मिस्टर कॉफी' आला आणि घरोघरचे पर्कोलेटर हळूहळू मागे पडले. तेव्हापासून बटणं वाढली, घड्याळ आलं, पण साध्या ड्रिप यंत्राच्या पोटातली रचना जवळपास तीच राहिली.

ती रचना अशी. मागे पाण्याची टाकी. टाकीच्या तळाशी एक छोटा व्हॉल्व्ह, जो पाणी पुढे जाऊ देतो पण मागे येऊ देत नाही. तिथून पाणी एका ॲल्युमिनियमच्या नळीत उतरतं. ही नळी घोड्याच्या नालेसारखी वळलेली असते आणि तिला हीटर जोडलेला असतो. काचेचं भांडं ज्या गरम प्लेटवर ठेवतो, तिच्या बरोबर खाली ही जोडी बसवलेली असते. म्हणजे पाणी उकळणं आणि प्लेट गरम ठेवणं ही दोन्ही कामं एकच हीटर करतो. साध्या यंत्रात पंप नसतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, मागे व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे त्यांना एकच वाट उरते, आणि ते आपल्यापुढचं गरम पाणी ढकलत वर नेऊन कॉफीच्या पुडीवर सोडतात. आपल्याला सकाळी ऐकू येणारा गुडगुड आवाज तो हाच.

एवढं समजलं की कोणताही स्क्रू न काढता यंत्राची तपासणी सुरू करता येते. त्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: लाइट लागतो का, प्लेट गरम होते का, पाणी वर येतं का.

लाइटच लागत नसेल, तर यंत्राला दोष देण्याआधी भिंतीकडे बघायचं. इथल्या स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन छोटी बटणं असतात. ओट्यावर पाणी सांडलं किंवा कुठे विजेची गळती झाली की ते सॉकेट स्वतःहून बंद होतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली शेजारची सॉकेटंही बंद पडतात. त्यामुळे बिघडलेलं सॉकेट आपण वापरतोय तेच असेल असंही नाही. रीसेट दाबून बघायचं, दुसऱ्या सॉकेटवर दिवा किंवा फोनचा चार्जर लावून बघायचं. मग वायर कुठे दबली आहे का, जळली आहे का ते बघायचं.

लाइट लागतो, प्लेटही गरम होते, पण पाणी वर येत नाही किंवा पाव तास फुसफुसत थोडंथोडं येतं, तर हीटर आणि वीज दोन्ही ठीक आहेत. अडथळा पाण्याच्या वाटेत आहे. व्हॉल्व्ह अडकलाय किंवा नळीत क्षार साचलेत.

आणि लाइट लागतो पण प्लेट पूर्ण गार, तर बहुतेक साध्या यंत्रांत याचा अर्थ असा, की वीज बटणापर्यंत येते आणि तिथून हीटरपर्यंत पोचत नाही. आता मात्र यंत्र उघडावं लागेल.

ही तीन निरीक्षणं दहा वर्षांचं मूलही करू शकतं. "बाबा, लाइट लागतोय, पण खालची प्लेट गारच आहे," असं तिने सांगितलं की "मग बटणापर्यंत करंट येतोय, पुढे कुठे अडतो ते शोधू," असं आपण म्हणायचं. 'चालत नाही' या दोन शब्दांपासून इथवर येणं, ही त्या तासाची पहिली कमाई.

पाण्याची वाट अडते तेव्हा तिचं कारण बहुधा आपल्या नळात असतं. मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही दोन शहरं मिसिसिपीचं पाणी घेतात आणि शुद्ध करताना त्याचा जडपणाही कमी करतात. पण आपल्यातले बरेचजण राहतात त्या उपनगरांत पुष्कळ ठिकाणी विहिरींचं भूजल येतं आणि ते चांगलंच जड असतं. म्हणून तर आपण मिठाच्या गोणी वाहून तळघरातल्या सॉफ्टनरमध्ये ओततो. काही घरांत स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पिण्यासाठी म्हणून मुद्दाम त्या सॉफ्टनरमधून वगळलेला असतो, आणि कॉफीसाठी पाणी आपण नेमकं त्याच नळाचं घेतो. ज्यांच्या घरी गावाकडे बोअरचं पाणी होतं, त्यांना गिझरच्या कॉइलवर आणि बादलीत सोडायच्या हीटरच्या रॉडवर चढणारा पांढरा थर आठवत असेल. तोच थर, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, या बोटभर नळीत आतून चढतो.

त्यावर उपायही स्वयंपाकघरातलाच. अर्धं पांढरं व्हिनेगर, अर्धं पाणी टाकीत भरायचं, निम्मं वर येऊ द्यायचं, यंत्र बंद करून अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं जाऊ द्यायचं आणि नंतर नुसत्या पाण्याच्या दोन-तीन फेऱ्या करायच्या. काही कंपन्या व्हिनेगर वापरू नका असं पुस्तिकेत सांगतात. अशा यंत्राला पुस्तिकेत सांगितलेलंच द्रावण वापरायचं. त्यांत बहुधा सायट्रिक ॲसिड असतं, जे आपल्या घरी ढोकळ्यासाठी आणलेलं असतंच. मुलांना आधी थोडं व्हिनेगर जुन्या किटलीतल्या पांढऱ्या थरावर टाकून दाखवा. फसफसून येणारे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. आम्ल आणि कार्बोनेट यांची शाळेत शिकलेली अभिक्रिया नेहमीच्या ओट्यावर बघायला मिळते.

हे सगळं आमच्या आधीच्या पिढीला नवीन वाटलं नसतं. पंपाचा स्टोव्ह भुरभुरायला लागला की पितळी पट्टीला लावलेली बारीक पिन घेऊन निपल साफ करायचं, हे घरातल्या शाळकरी मुलालाही येत होतं. मिक्सर थांबला तर उलटा करून खालचं लाल बटण दाबायचं, हे आजीला ठाऊक होतं. कुणालाच त्यात शौर्य वाटत नव्हतं. वस्तू कशाने चालते आणि कशाने थांबते, हे वापरणाऱ्याला माहीत असणं गृहीत होतं. त्यापुढचं काम असेल तर कोपऱ्यावर मिक्सर दुरुस्तीवाला होता, मुंबईत लॅमिंग्टन रोड होता, पुण्यात तापकीर गल्ली होती. आपण इथे आलो, तेव्हा पदव्या सोबत आणल्या आणि ही सवय तिकडेच ठेवून आलो. आज आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात एका टेबलाभोवती चार इंजिनीअर सहज बसलेले असतात. त्यांच्या घरी एक स्क्रूड्रायव्हरही धड सापडेल की नाही, याची खात्री देता येत नाही.

पण जुन्या दिवसांची ही बाजू सांगताना दुसरी बाजू लपवायची नाही. त्याच घरांमध्ये चिनी मातीच्या फ्यूजमधली बारीक तार सारखी उडते म्हणून तिच्या जागी तांब्याची जाड तार बांधणारे काकाही होते. तार पुन्हा उडत नसे आणि काकांचं कौतुक होई. पुढे त्याला 'जुगाड' हा शब्द आला, आणि हल्ली तर जुगाड म्हणजे भारतीय कल्पकता असं आपण परदेशी सहकाऱ्यांनाही अभिमानाने सांगतो. दुरुस्ती आणि जुगाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना पहिली शिकवायची असेल, तर दुसरीपासून ती वेगळी करून शिकवावी लागेल. आणि हा फरक दाखवायला गार पडलेल्या कॉफी मेकरसारखं उदाहरण नाही.

बघा कसं ते. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर, टाकी रिकामी करून ते उलटं करायचं आणि तळाचे स्क्रू काढायचे. काही स्क्रूंची डोकी मुद्दाम विचित्र ठेवलेली असतात. त्यांच्यासाठी बिटांचा संच थोडक्या पैशांत मिळतो. तळ निघाला की प्लेटखाली नालेच्या आकाराचा हीटर दिसतो, आणि त्याच्या वाटेवर दोन छोट्या वस्तू. एक थर्मोस्टॅट. पाणी संपलं की हीटर एकदम तापायला लागतो, तेव्हा थर्मोस्टॅटमधली धातूची चकती वाकते आणि वीज तोडते. थोडं गार झालं की पुन्हा जोडते. इस्त्रीचा दिवा जसा लागतो-विझतो, तसाच हा खेळ. दुसरी वस्तू असते थर्मल फ्यूज. बहुतेकदा विणलेल्या पांढऱ्या वेष्टणात, हीटरला टेकवून बसवलेला असतो आणि पुष्कळ यंत्रांत असे दोन असतात. थर्मोस्टॅट निकामी झाला आणि हीटर तापतच राहिला, तर हा फ्यूज वीज कायमची तोडतो. मिक्सरसारखं लाल बटण याला नसतं. एकदा गेला की गेला.

बटण, थर्मोस्टॅट, फ्यूज, हीटर सगळे एकाच माळेत ओवलेले. माळ कुठे तुटली, ते शोधायला मल्टिमीटर लागतो. तोही महाग नसतो आणि आपली जी मुलं शाळेच्या रोबोटिक्स टीममध्ये आहेत, त्यांना तो आपल्यापेक्षा चांगला वापरता येतो. प्लग काढलेलाच ठेवून, ज्याची तपासणी करायची त्याची निदान एक वायर सोडवून त्याचा रोध मोजायचा. इथे १२० व्होल्टवर चालणारा ९०० वॅटचा हीटर ७.५ अँपिअर वीज घेतो, म्हणजे त्याचा रोध १६ ओहमच्या आसपास असायला हवा. हे गणित मुलाकडूनच करून घ्या. मीटरवर १५-१६ दिसलं तर हीटर शाबूत आहे. फ्यूज आणि गार थर्मोस्टॅट यांचा रोध जवळजवळ शून्य यायला हवा. कुठे मीटर काहीच दाखवत नसेल, तर माळ तिथे तुटली आहे. आणि एक मोजमाप विसरायचं नाही: हीटरचं टोक आणि त्याचं धातूचं अंग यांच्यामध्ये वाट सापडता कामा नये. सापडली, तर वीज अंगात उतरते आहे आणि ते यंत्र टाकून द्यायच्याच लायकीचं आहे.

समजा, फ्यूज गेलेला सापडला. गार यंत्रात तो सापडणं अगदी शक्य असतं. आता दोन रस्ते दिसतात. फ्यूज काढून दोन वायरी सरळ जोडल्या, तर यंत्र तत्क्षणी सुरू होतं. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि घरात टाळ्या. दुसऱ्या रस्त्याला तसाच फ्यूज मागवावा लागतो. त्याच्या अंगावर तापमान आणि अँपिअर छापलेले असतात, ते दोन्ही जुळायला हवेत. तो डाग देऊन जोडण्यात धोका असतो, कारण सोल्डरच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. पकडीने दाबून बसवायच्या, उष्णता सोसणाऱ्या धातूच्या नळ्या मिळतात, त्या वापराव्या लागतात.

पहिला रस्ता का नाही? प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आठवा. कुकरमध्ये पाणी घालायला विसरलं की त्यातला मऊ धातू वितळतो, वाफ निघून जाते, आणि आपण चुकचुकत नवा व्हॉल्व्ह आणतो. तो सारखा जातो म्हणून त्या भोकात कोणी बोल्ट ठोकून बसवतं का? थर्मल फ्यूज हा कॉफी मेकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. वायरी सरळ जोडणं म्हणजे त्या भोकात बोल्ट ठोकणं. आणि ही इथली घरं लाकडाची असतात, सकाळी यंत्र लावून आपण आंघोळीला जातो, वर मुलं झोपलेली असतात.

इतकंच करूनही काम संपत नाही. फ्यूज बदलला, पण तो का उडाला? थर्मोस्टॅट चिकटून बसला असेल, तर नवा फ्यूजही जाईल. नळीत क्षारांचा जाड थर असेल, तर हीटरची उष्णता पाण्यात नीट जात नाही, हीटर स्वतःच जास्त तापतो आणि फ्यूज उडतो. म्हणजे वर्षभर न केलेली व्हिनेगरची सफाई शेवटी फ्यूजच्या नावावर जमा होते. 'का' हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही, उत्तर मिळालं की त्या उत्तरालाही तो विचारावा लागतो. जुगाड पहिल्या 'का'च्याही आधी थांबतो. दुरुस्ती शेवटच्या 'का'पर्यंत जाते. आपल्या मुलांनी आयुष्यात डॉक्टर व्हावं, प्रोग्रॅमर व्हावं, वकील व्हावं की आणखी काही, त्यांना ही सवय लागणार आहे. ती चाळीस डॉलरच्या यंत्रावर लागली, तर स्वस्तच म्हणायचं.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप वेळेचा. आमच्या एका तासाची किंमत यंत्रापेक्षा जास्त आहे, असं म्हणतात. हिशेब खरा आहे, पण अर्धाच मांडलेला आहे. नवं यंत्र निवडताना रात्री जे रिव्ह्यू वाचतो, खोकं फोडतो, पुठ्ठा दुमडून रिसायकलच्या डब्यात कोंबतो, आवडलं नाही तर परत पाठवतो, त्या वेळेची किंमत आपण लावत नाही. शिवाय शनिवारी दुपारी मुलीसोबत टेबलाशी बसलेल्या तासाला ऑफिसचा दर लावायचा नसतो. सॉकरच्या मैदानावर उभ्या असलेल्या तासाला तो आपण लावतो का?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो. म्हणूनच सीमा आधी आखून घ्यायची. तीन निरीक्षणं आणि व्हिनेगरची सफाई, एवढ्यासाठी यंत्र उघडावं लागत नाही, ती कोणीही करावी. उघडायचं तर प्लग काढलेला असलाच पाहिजे, आणि तो काढून मुलाच्या हातात द्यायचा, म्हणजे शंका उरत नाही. आत वितळलेली वायर, तडकलेली नळी किंवा ओलसरपणा दिसला, तर तिथेच थांबायचं. फेडरल सरकारच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ते मॉडेल परत मागवलं आहे का, हेही पाहून घ्यायचं. असेल तर दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. आणि कॉफी मेकर जमला म्हणून मायक्रोवेव्ह उघडायला जाऊ नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. काय उघडायचं नाही, हे कळणं हाही दुरुस्तीचाच धडा.

तिसरा आक्षेप असा, की आताची यंत्रं उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात. पॉडवाल्या यंत्रांत पंप, सेन्सर, सर्किट बोर्ड असतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. हे बरंचसं खरं आहे. पण इथे आपल्याच राज्याने एक चांगलं पाऊल टाकलं आहे. २०२३ साली मिनेसोटात डिजिटल फेअर रिपेअर कायदा झाला आणि १ जुलै २०२४ पासून तो लागू आहे. ज्या वस्तूंचं काम डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सवर चालतं, त्यांचे सुटे भाग, हत्यारं आणि माहितीपुस्तिका उत्पादकांनी मालकाला आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना रास्त अटींवर दिली पाहिजेत, असं तो सांगतो. गाड्या, शेतीची अवजारं, वैद्यकीय उपकरणं, व्हिडिओ गेमची यंत्रं त्यातून वगळली आहेत, पण घरगुती उपकरणं त्यात येतात. नुसत्या बटणाच्या साध्या कॉफी मेकरला या कायद्याची गरजही नाही. पण कायदा पुस्तकात राहून उपयोग नाही. भाग मागणारा, पुस्तिका मागणारा माणूस समोर आला, तरच कंपन्या ती तयार ठेवतील. तो माणूस आपल्यापैकी कोणी का असू नये?

आता इथे वाढलेल्या वाचकांसाठी थोडं. तुम्हांला मराठी शाळेत रंग, फळं, नातेवाईक शिकवले, आणि त्यातलं बरंच तुम्ही विसरला असाल तर त्यात तुमचा दोष नाही. रोजच्या कामात न लागणारे शब्द टिकत नाहीत. पण एक स्क्रू घट्ट बसला असेल, तर तो सैल करायचा असतो, आवळायचा नसतो, त्याचे आटे झिजू द्यायचे नसतात. थर खरवडायचा, वायर सोलायची, टोक पिळायचं, नळी दाबून बसवायची, धूळ फुंकायची, झाकण चपखल बसलं का बघायचं. हे शब्द कोणत्याही वहीत लिहून येत नाहीत, हातात पक्कड असताना कोणी तरी म्हणालं की कायमचे बसतात. तुम्हांला मीटर येतो, आईबाबांना शब्द येतात. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला ते, असं बसलात तर दोघांकडे शिकवायला काही तरी असेल. आपल्या घरांत असे प्रसंग फार थोडे येतात.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांनाही बोलवा. इथे त्यांना गाडी चालवता येत नाही, फोनवरचं ॲप कळत नाही, दिवसभर आपणच त्यांना काही ना काही समजावत असतो. ज्या आजोबांनी चाळीस वर्षं घरातला पंखा, इस्त्री, रेडिओ स्वतः सांभाळला, त्यांच्या हाती उलटा ठेवलेला कॉफी मेकर द्या आणि बाजूला व्हा.

यापुढे मंडळाला एक सूचना. दुरुस्तीसाठी एकत्र जमण्याची कल्पना नवी नाही. २००९ साली मार्टिन पोस्त्मा यांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला. आपल्याकडे हेनेपिन काउंटी 'फिक्स-इट क्लिनिक' भरवते. बिघडलेली वस्तू घेऊन जायची, तिथे जाणकार स्वयंसेवक आपल्यासोबत बसून ती उघडतात. ते फी घेत नाहीत, पण काम आपल्या हाताने करायला लावतात. तिथे आपली माणसं वस्तू घेऊन जावीत, आणि ज्यांना येतं त्यांनी स्वयंसेवक म्हणूनही जावं, असं मला वाटतं. आपल्या चार इंजिनीअरांच्या टेबलाला तिथे चांगलं काम मिळेल.

आणि मंडळानेही संक्रांत ते गुढीपाडवा या गोठलेल्या महिन्यांत, जेव्हा बाहेर काही करता येत नाही, एक शनिवार यासाठी ठेवावा. हॉल आपण घेतोच. चार टेबलं, दोन मल्टिमीटर, बिटांचा एक संच, व्हिनेगरचा एक गॅलन आणि आगीचा सिलिंडर, एवढ्यात भागेल. नियम दोनच ठेवावेत. वस्तूच्या मालकाने स्वतः बसायचं, वस्तू देऊन जेवायच्या रांगेत निघून जायचं नाही. आणि सुरक्षेसाठी बसवलेला कोणताही भाग वगळून यंत्र चालू करायचं नाही, मग सांगणारे काका कितीही ज्येष्ठ असोत. संध्याकाळी फळ्यावर तीन रकाने लिहावेत: किती वस्तू सुरू झाल्या, किती टाकाव्या लागल्या, आणि किती वस्तूंचं बिघडण्याचं कारण कळलं. तिसरा आकडा मोठा आला, की कार्यक्रम जमला असं समजायचं.

तोवर यंदाच्या साफसफाईत एवढं करून बघा. गराजच्या दाराशी गेलेला कॉफी मेकर परत ओट्यावर आणा, प्लग लावा, आणि घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला विचारा: लाइट लागतो का? प्लेट गरम होते का? पाणी वर येतं का? तीन उत्तरं मिळाली, की पुढचं तुमचं तुम्हीच ठरवाल. यंत्र सुरू झालंच, तर पहिली कॉफी नेहमीसारखी गाळून वरून दूध आणि जायफळ घाला. दूध टाकीत मात्र घालू नका, नाही तर पुढच्या वर्षीही त्याच टेबलाशी भेट होईल.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.